डाव्या पानावर न्हाणं, उजव्या पानावर तक्रार

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी आत्याला पाहिलं. ती उठून आत गेल्यावर धाकटीने मला विचारलं, "आजी, आत्याला नक्की झालंय काय? ती तर मस्त दिसते." मी "नंतर सांगते" म्हटलं आणि फोन बंद केला. आजी चिडली असं तुम्हाला वाटलं असेल. चिडलेच होते, पण तुमच्यावर नाही. "दिसतेस तर छान" हे वाक्य गेल्या सहा महिन्यांत पोस्टमनपासून भटजींपर्यंत सगळ्यांकडून ऐकून झालंय. तेच तुमच्याकडून आलं, एवढंच.

म्हणून हे लिहून काढते. आयुष्यभर इंग्रजी शिकवली, पण या गोष्टीतली माणसं मराठीत बोलली, मराठीतच चुकली, तेव्हा मराठीतच लिहिते. कुठे अडलं तर बाबांना विचारा. त्यांनीही हे वाचलेलं बरं.

आधी बागेचं सांगायला हवं, कारण सगळं तिथे येऊन थांबतं. खाडीच्या पुलापलीकडे, भाट्ये गावाच्या वरच्या अंगाला आपलं घर आणि घरामागे हापूसची शंभरेक कलमं. आजोबा गेल्यापासून ती आत्या बघते. तिने शेतकीची पदवी घेतली, लग्न केलं नाही, काही वर्षं दुसऱ्यांच्या बागांना सल्ले देत फिरली आणि मग स्वतःची बाग हातात घेतली. फळ उतरवून आणायची, निवडायची, पेट्या भरायची कौलारू शेड आहे ना, तिला आपण मांगर म्हणतो. मांगरात आत्या निवडायला बसली की बघत राहावं. फळ उचलायची, एकदा तळहातावर तोलायची, की झालं. हे अडीचशे ग्रॅमचं, हे तीनशेचं, हे डागी, बाजूला. काट्यावर ठेवून बघितलं तर तिची चूक निघायची नाही.

पहिलं दुखणं त्या मांगरातच आलं. दोन वर्षांपूर्वीच्या सीझनला, ऐन एप्रिलात. उजव्या डोळ्यापुढे धूसर झालं आणि डोळा फिरवला की आतून दुखायला लागलं. तिने एक पिकलेला आंबा आधी एका डोळ्यापुढे धरला, मग दुसऱ्या. म्हणाली, "आई, या डोळ्याने बघितला की आंबा धुवून काढल्यासारखा दिसतो गो. रंगच नाही त्याला."

"उन्हात फिरतेस दिवसभर. डोळे तापलेत," मी म्हटलं आणि गुलाबपाण्याच्या घड्या ठेवल्या. चष्म्याचा नंबर बदलून आणला. पाच-सहा आठवड्यांत नजर बरीचशी परत आली. गुलाबपाण्याला गुण दिला आणि विसरून गेलो.

दुसरं दुखणं गेल्या वर्षी ऑक्टोबरात आलं. तळपायांना मुंग्या. मग जमिनीवर चालताना गादीवर चालल्यासारखं. मग बधिरपणा गुडघ्यापर्यंत, पुढे कमरेपर्यंत चढला. मान खाली घातली की पाठीतून वीज गेल्यासारखी कळ जायची. उजव्या हाताची बोटंसुद्धा जाड मोजे घातल्यासारखी झाली. आणि थकवा असा, की सकाळी उठून चहा प्यायला की हिला परत झोपावंसं वाटे. डोळ्याशी याचा काही संबंध असेल हे कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. डोळा डोळ्याच्या डॉक्टरकडे गेला होता, पाय हाडांच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी कमरेचा मणका म्हणून सांगितलं, जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली आणि वजन उचलू नका म्हणाले.

शेजारच्या काकूंचं निदान वेगळं. "लग्न नाही, मूल नाही, बाईच्या जातीला वात धरतोच."

बागेत कामाला येणाऱ्या मावशींचं त्याहून सरळ. "पाय सुन्न म्हंजे वात. निर्गुडीचा पाला घाला पाण्यात नि कडक शेक द्या. दुसरं काय नको."

हे मला पटलं. का नाही पटणार? तुमच्या बाबांच्या वेळी मी बाळंतीण होते तेव्हा माझ्या आईने मला दीड महिना तसंच न्हाऊ घातलं होतं. पाटावर बसवून तिळाचं कोमट तेल अंगभर जिरवायचं, आणि मग निर्गुडीचा पाला उकळलेलं, अंगाला जेमतेम सोसेल इतकं कढत पाणी कमरेवर, पाठीवर, पायांवर. माझी कंबर त्याने भरून आली होती. तेव्हा दिवाळीच्या पहिल्या आंघोळीपासून मी आत्याचं बाळंतिणीचं न्हाणं सुरू केलं. माझं वय चौऱ्याहत्तर, तिचं बेचाळीस. रोज सकाळी सहाला उठून न्हाणीघरातला बंब पेटवायचा, सातला तेल, साडेसातला पाणी. एक दिवस चुकवला नाही.

आणि वही ठेवली. तुम्हाला माझ्या वह्या माहीत आहेत, तुम्हाला कांजिण्या आल्या होत्या त्यांचीसुद्धा आहे. समोरासमोरची दोन पानं. डाव्या पानावर मी काय केलं: तेल, न्हाणं, काढा, वेळेसकट. उजव्या पानावर तिला काय झालं: मुंग्या, पाय जड, दृष्टी, झोप, वेळेसकट. तीन तारखेला उजव्या पानावर लिहिलंय, "८.००, पाय फार जड, उंबरा ओलांडताना अडखळली." सहा तारखेला, "८.१०, डोळ्यापुढे धूसर, अर्ध्या तासाने ठीक." अकराला पुन्हा आठ वाजता. माझ्या अक्षरात, निळ्या शाईत, स्वच्छ.

आत्याने दोनदा सांगितलं होतं. "आई, न्हाऊन आले की पाय जास्तच लुळे पडतात गो."

"आधी वाढतं, मग उतरतं," मी म्हटलं. "वात बाहेर पडतोय."

ती गप्प बसली. ती गप्प का बसली याचा मला अजून राग येतो. बागेत व्यापाऱ्याशी हुज्जत घालणारी ही बाई, पण पाटावर बसली की माझ्या हाताखाली लहान होऊन जायची. नंतर मी तिला विचारलं तेव्हा म्हणाली, "तुझे हात चालू असायचे तेव्हा तू जरा बरी दिसायचीस."

सहा आठवडे असे गेले. मग एका सकाळी न्हाणीघराच्या दारात तिचे दोन्ही पाय तिच्याखालून निघून गेले. पडली, हनुवटी फुटली. त्या दिवशी मी काढा ओतून टाकला आणि भाड्याची गाडी करून घाट चढून तिला कोल्हापूरला मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं. वही बरोबर घेतली होती, अभिमानाने.

डॉक्टर तरुण मुलगी होती, माझ्या शेवटच्या बॅचमधली शोभली असती. तिने आत्याला मान वाकवायला लावली, डोळे बंद करून उभं केलं, पायाच्या बोटाला टाचणी लावून "समजतंय का?" विचारलं. डोळ्याची जुनी गोष्ट तिनेच खोदून काढली. मग एमआरआय झाला, पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं. सगळं हातात आल्यावर ती आम्हाला सांगायला बसली आणि बोलता बोलता माझी वही चाळायला लागली.

"आजी, ही तुम्ही लिहिलीय?"

"हो. रोजची आहे."

"इतकी नीट वही पेशंटकडून कधी येत नाही," ती म्हणाली. मी फुशारले. मग तिने एक बोट डाव्या पानावर ठेवलं, दुसरं उजव्या पानावर. "साडेसात, गरम पाणी. आठ, पाय जड. साडेसात, गरम पाणी. आठ दहा, धूसर." पान उलटलं. "साडेसात. आठ." पुन्हा पान उलटलं. तिला पुढे वाचायची गरज नव्हती.

वर्गात मुलींना मी वर्षानुवर्षं सांगत आले की उत्तर लिहिण्याआधी प्रश्न दोनदा वाचा. आणि माझ्याच वहीत प्रश्न आणि उत्तर समोरासमोर बसले होते, मध्ये फक्त शिवण.

आता हा आजार म्हणजे काय ते, मला समजलं तसं. मल्टिपल स्क्लेरोसिस. नावाचा अर्थ नुसता अनेक चट्टे. आपल्या मेंदूपासून पाठीच्या कण्यातून मज्जातंतूंचे धागे जातात. त्या धाग्यांवर चरबीसारखं पांढरं वेष्टण असतं, त्याला मायलिन म्हणतात. शरीरात जंतूंशी लढणाऱ्या पेशी असतात. या आजारात त्याच पेशी मेंदूत आणि कण्यात शिरतात आणि ते वेष्टण शत्रूचं समजून खरवडून काढतात. का, ते कुणालाच धड सांगता येत नाही. हे ऐकून मला जितका राग आला तितका रोगाच्या नावाचाही आला नव्हता. वेष्टण गेलं की तिथून निरोप सावकाश जातो, अर्धवट जातो किंवा जातच नाही. चट्टा डोळ्याच्या नसेवर पडला तर रंग जातो. मानेजवळ कण्यात पडला तर पाय आणि बोटं. म्हणून दोन दुखणी दोन वाटली, होतं एकच. सूज उतरली की थोडं वेष्टण परत येतं, पण पातळ, ठिगळासारखं. म्हणून डोळा सुधारला, गुलाबपाण्याने नाही. आणि कधी कधी आतला धागाच तुटतो. तो मग जोडला जात नाही.

डॉक्टरांनी समजावताना विजेच्या वायरचं उदाहरण दिलं. आत्या लगेच म्हणाली, "वायर बदलता येते, डॉक्टर." डॉक्टरांनी ते उदाहरण तिथेच सोडून दिलं.

मी एकच विचारलं. माझ्या गरम पाण्याने हे वाढलं का? ती म्हणाली, पाण्याने नवीन चट्टा पडलेला नाही. अंग तापलं की जिथे आधीच वेष्टण गेलंय तिथून निरोप आणखी अडखळतात. अंग थंड झालं की पुन्हा होतं तितकं. "पाण्याने नुकसान नाही, आजी," ती म्हणाली, आणि मग खरं बोलायची तिची सवय आड आली. "सहा आठवडे मात्र गेले. सूज उतरवणारं औषध तेव्हाच देता आलं असतं. पुढचे झटके अडवायचं औषधही लवकर सुरू झालं असतं."

औषधं सुरू करून परत येताना आंबा घाटात गाडी थांबवून चहा घेतला. आत्या म्हणाली, "निर्गुडीचा वास मात्र छान यायचा." मी तिच्याकडे बघितलं नाही.

घरी आल्यावर लोक यायला लागले. कुणी कुठल्या मठात न्या म्हणालं, कुणी गोमूत्र. एका बाईंनी माझ्यासमोर तिला सांगितलं, "थकवा मलापण येतो गो, मी काय झोपून राहते?" आत्याने त्यांना पाणी आणून दिलं, ग्लास दोन्ही हातांनी धरून, कारण एका हाताला तो धरलाय की नाही हे कळत नव्हतं. बाईंना ते दिसलं नाही. या आजाराचं हेच मला छळतं. पाय मोडला असता तर प्लॅस्टर दिसलं असतं.

आणि तुमच्या बाबांचा फोन. माझ्या काळजीपोटीच होता, ते मला कळतं. "आई, ताईला आता हे झेपणार आहे का? बाग कराराने देऊन टाक कुणा व्यापाऱ्याला. पुण्याचा फ्लॅट रिकामाच आहे, तुम्ही दोघी तिकडे या. डॉक्टर जवळ, सगळं जवळ." फोन स्पीकरवर होता. आत्या समोर बसून बोटांत सुई धरायचा सराव करत होती. तिने मान वर केली नाही. मी म्हणाले, विचार करते. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "तू काय ठरवणार आहेस ते मला आधी सांग. भिंतीवर लागलेल्या नोटिशीसारखं वाचायला लावू नकोस."

"मी ठरवणारी कोण?"

"सातबाऱ्यावर नाव तुझं आहे. आणि दीड महिना माझं अंग पण तूच ठरवत होतीस."

हे ती पहिल्यांदा बोलली. मला लागलं. लागायलाच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी ती मला बागेच्या टोकाला पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, घेऊन गेली. तुम्ही लहान असताना तिथे खेकडे शोधायचात. एका हाताने काठी, दुसऱ्या हाताने मला धरून, म्हणजे कोण कुणाला नेत होतं ते देवाला ठाऊक. पऱ्यात थोडं पाणी होतं. "वायर वगैरे सोड," ती म्हणाली. "हे धोंडे बघ. निरोप या काठाहून त्या काठाला असा जातो, धोंड्यावरून धोंड्यावर उड्या मारत. टक टक टक. पाय भिजतसुद्धा नाहीत. वेष्टण असलं की असं. ते गेलं की धोंडे गेले. मग पाण्यातून चालत जायचं. चिखल, शेवाळ. कुणी पोचतो, कुणी उशिरा पोचतो, कुणी मध्येच बसतो. आणि ऊन झालं, अंग तापलं, की पाणी चढतं." मग म्हणाली, "सकाळी पाणी कमी असतं, आई. मी सकाळी काम करू शकते. ही एवढी एक गोष्ट मला माहीत आहे. पुण्याच्या फ्लॅटमध्ये मला काहीच माहीत नसेल."

मी तुमच्या बाबांना कळवलं: हा सीझन ती करणार. पुढचं पुढे. ते चिडले, दोन आठवडे फोनवर फक्त हवामान बोलले.

सीझन कसा झाला? तुम्हाला वाटत असेल आता मी सांगेन की छान झाला. छान झाला नाही, पण झाला. पहाटे पाचला मांगर उघडायचा, नऊला तिने घरात यायचं. उभ्याने करायचं ते स्टुलावर बसून. पंखा, मानेला ओला पंचा. आंघोळ गार पाण्याची. बोटांवर तिचा विश्वास राहिला नव्हता, म्हणून टेबलावर काटा आणून ठेवला. पहिल्या दिवशी प्रत्येक फळ काट्यावर ठेवताना तिचा चेहरा असा झाला होता, की मी नारळ सोलायचं निमित्त काढून बाहेर गेले. कधी शब्द सापडायचा नाही, कधी सकाळी सातलाच पाय रुसायचे, कारण काहीच नसताना. दर वर्षी दोन माणसं पुरायची तिथे चार लावली.

आणि एप्रिलच्या शेवटी तो दिवस आला. टेम्पो संध्याकाळी यायचा तो सकाळी अकराला आला. पेट्या मोजून द्यायला आत्या उन्हात गेली. मी पडवीतून बघत होते. पंधरा मिनिटांत तिचा डावा पाय फरपटायला लागला, मग ती गडग्याला, बागेच्या दगडी कुंपणाला, धरून उभी राहिली, आणि मग गडग्यावर बसलीच. ड्रायव्हर बघतोय, बायका बघतायत. मावशी म्हणाल्या, "चक्कर आली वाटतं. कांदा हुंगवा." ड्रायव्हर म्हणाला, "बाईंना घरात न्या, मी दुसरीकडचा माल भरून येतो." तो गेला असता तर तयार माल दिवसभर तापत पडला असता. पण त्याहून वाईट म्हणजे संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं की हिला जमत नाही.

माझ्या ओठांवर आलं होतं, चल, पुरे, घरात चल. तेल लावायला पुढे झालेले तेच माझे हात. आणि मला वहीची दोन पानं दिसली. मी विहिरीवर गेले, भरलेली बादली उचलली, कशी उचलली माहीत नाही, आणि कपड्यांसकट तिच्या डोक्यावर ओतली. सगळी.

आत्याच्या नाकातोंडातून पाणी निथळत होतं. मग ती ओरडली, "अगो आई! बागायतदार आहे मी, म्हैस नाही!"

मावशी हसून खालीच बसल्या. ड्रायव्हरने तोंड फिरवलं. मी म्हटलं, "आणखी एक आणू?"

"आण," ती म्हणाली.

दोन बादल्या आणि वीस मिनिटं. मग ती उठली. काठीच्या आधाराने, ओल्या साडीत, सावलीला स्टूल घेऊन, पेट्या तिनेच मोजून दिल्या. मला हसू येत होतं आणि दातओठ खावेसे वाटत होते. नोव्हेंबरात हेच मला कळलं असतं तर?

सीझन मेअखेरपर्यंत रेटला. त्यानंतर ती तीन आठवडे जवळजवळ झोपूनच होती. त्यातल्याच शेवटच्या रविवारी तुम्ही तिला पाहिलंत, केस विंचरलेली, हसरी. त्या पाच मिनिटांसाठी तिने दुपारभर विश्रांती घेतली होती. पुढच्या वर्षी ती बाग करेल की नाही, मला माहीत नाही. तिलाही नाही. डॉक्टरांनाही नाही, औषध झटके कमी करेल, एवढंच त्या सांगतात. मला वेळापत्रक लागतं आणि या आजाराला ते मान्य नाही. रोज सकाळी मी यावर चिडते.

वही आता आत्याकडे आहे. दोन्ही पानं तीच लिहिते, तिच्या वाकड्या झालेल्या अक्षरात. मला वाचायची परवानगी आहे, लिहायची नाही. परवा मी फक्त विचारलं की आज आठला काहीच कसं लिहिलं नाही, तर म्हणाली, "कारण आठला काहीच झालं नाही, मास्तरीणबाई."

सीझन संपला तरी ती सकाळी तासभर मांगरात जाऊन बसते. पुढच्या वर्षासाठी कुठल्या कलमाला काय द्यायचं याचा कागद करत असते. बाबांना सांगा, हा कागद मी बघितलाय, तीन पानी आहे. मी मध्ये बोलत नाही. मला एकच काम नेमून दिलंय, ते मी करते. मांगराच्या दारात, सावलीला, विहिरीच्या पाण्याची एक बादली भरून ठेवते.